बाकावरची आई

दर रविवारी सकाळी ताईचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कोण कुठवर आलं?"

कोण म्हणजे माणसं नव्हेत, माझी भरतकामं. क्रॉस स्टिचची चार-पाच मोठी कामं माझ्याकडे एका वेळी चालू असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. दीपगृह सहा वर्षांचं झालं होतं. बदकं चार वर्षांची. अक्षरांचा तक्ता ताईच्या नातीसाठी, ती जन्मायच्या आधी घेतलेला. नात तिसरीत जाऊन जोडाक्षरं लिहायला लागली तरी माझा तक्ता आपला 'त'वरच. "एक ना धड भाराभर चिंध्या," असं आमचे हे म्हणायचे, आणि मग त्याच चिंध्या घडी मोडू न देता कपाटात ठेवूनही द्यायचे. मी त्यांच्याकडे लक्ष देत नसे. माझी एक पद्धत होती. प्रत्येक कामाला पाळीपाळीने दहा दोरे द्यायचे आणि पुढचं काम हातात घ्यायचं. कंटाळा येत नाही आणि कुणी मागेही पडत नाही. किती झालं ते वहीत मांडून ठेवायचं.

"दीपगृहाचा कठडा झाला," मी ताईला सांगायचे. "तिसऱ्या बदकाला चोच आली."

"आणि बाक?"

"बाक चाललाय," मी म्हणायचे.

हे खोटं नव्हतं. बाक चाललाच होता. फक्त तो उलट्या दिशेने चालला होता आणि तेवढं मी सांगत नव्हते.

बाक हे मुळात ताईचं काम. एका बागेतल्या बाकावर आई, बाबा आणि आम्ही दोघी बसलोय, असा एक जुना फोटो आहे. मी पाच वर्षांची आहे आणि माझ्या एकाच पायात बूट आहे. दुसरा कुठे गेला ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. चौघं एकत्र असलेला तेवढाच फोटो. ताईने तो चौकटीच्या कागदावर घर न् घर रंगवून स्वतः उतरवला आणि मॅटीच्या जाळीदार कापडावर भरायला घेतला. अवघड ते आधी, ही तिची लहानपणापासूनची शिस्त, म्हणून तिने आधी आई भरली. आईचा चेहरा सात वेळा उसवला आणि आठव्या वेळी जमला. मग बाबा झाले, मग आकाशाचा एक कोपरा. तिथे तिचे डोळे बिघडले.

डोळ्याच्या पडद्याचा आजार होता. मधलं दिसेनासं होतं आणि काही दिवस कडेकडेचं दिसत राहतं. डॉक्टरांनी दीड वर्ष सांगितलं, फार तर दोन. ताई कापड, कागद आणि दोऱ्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आली.

"माझ्याच्याने आता घरं मोजवत नाहीत," ती म्हणाली. "तू पूर्ण कर. आपल्या चौघांना एकदा नीट बघून घेते, मग जायचे तर जाऊ देत डोळे."

"दीड वर्ष कशाला? सहा महिन्यांत देते," मी म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आता इथे थोडं फुलीबद्दल, म्हणजे क्रॉस स्टिचच्या टाक्याबद्दल सांगायला हवं. प्रत्येक फुलीला दोन पाय असतात, एक खालचा आणि त्यावरून तिरका जाणारा वरचा. वरचे सगळे पाय एकाच बाजूला कलले पाहिजेत, हा या कामातला पहिला नियम. नाहीतर उजेड पडला की एक भाग चमकतो, दुसरा मंद दिसतो. ताई डावरी. मला तिनेच शिकवलं, पण समोर बसून शिकवलं, त्यामुळे तिचा डावा हात माझ्या उजव्या हातासमोर यायचा आणि मी तिच्या बरोबर उलट शिकले. तिचे वरचे पाय एकीकडे कलतात, माझे दुसरीकडे. शिवाय ती प्रत्येक दोऱ्याला मागून गाठ मारते. आमच्या भरतकाम मंडळात गाठ म्हणजे पाप. प्रदर्शनाच्या वेळी परीक्षक बाई कापड आधी उलटं करून बघतात, सुलटं नंतर.

मी ताईच्या आकाशालगत माझे पहिले पन्नास टाके घातले आणि कापड खिडकीशी नेलं. माझं आकाश वेगळं, ताईचं वेगळं. मधोमध फाळणी झालेली सरळ दिसत होती.

मी माझा हात ताईसारखा वळवू शकले असते. काय अवघड होतं त्यात? पण तीस वर्षांची सवय, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात प्रदर्शन होतं. एवढं मोठं काम, घरचा फोटो, मंडळात कुणी असलं केलं नव्हतं. म्हणून मी ताईच्या आकाशाचा कोपरा उसवला. फक्त कोपरा, असं मी स्वतःला बजावलं.

मग बाबांकडे लक्ष गेलं. कागदावर मोजून पाहिलं तर बाबा एक घर वर होते. म्हणजे बाकावर टेकलेच नव्हते, बसल्या जागी तरंगत होते. ताईसारख्या बाईने एक घर चुकावं याचा मला रागच आला. तिचे डोळे तेव्हाच जायला लागले होते, आणि ती चूक म्हणजे त्याची पहिली खूण होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाबा उसवले. बाबा उसवल्यावर शेजारची आई एकटीच चमकायला लागली. आईत एकही चूक नव्हती. मोजून पाहिलं, दोनदा पाहिलं. तरी मी कात्री घेतली.

आई उसवायला मला तीन आठवडे लागले. तेही मी दातांच्या दवाखान्यात, जिथे मी पेशंटची नावं लिहून घेते तिथे बसून केलं. आत डॉक्टरांचं यंत्र चालू असायचं, बाहेर माणसं गाल धरून बसलेली असायची, आणि मी टेबलाआड आईची शाल, मान, हनुवटी एकेक टाका करून कापत असायचे. एका म्हाताऱ्या पेशंटने विचारलं, "काय करताय?" मी म्हणाले, "दुरुस्ती." निघालेले दोरे फेकवेनात, म्हणून एका काचेच्या बरणीत भरून ठेवले.

त्यानंतर मला बाकाची भीती बसली. चेहऱ्याच्या जागी सुईची बारीक भोकं तेवढी उरली होती आणि ती माझ्याकडे बघायची. मी बाबा पुन्हा भरले, आम्ही दोघी झालो, माझा एक बूटसुद्धा झाला. आईची पाळी आली की मी दुसरं काहीतरी उचलायचे. आश्चर्य म्हणजे त्या वर्षात माझी बाकीची कामं जितकी पुढे गेली तितकी आधी कधी गेली नव्हती. सहा वर्षं रखडलेलं दीपगृह पुरं झालं. बदकं पाण्यात उतरली. तक्ता 'त'वरून 'म'वर आला. वही बघितली तर कुणालाही वाटावं, काय कष्टाळू बाई आहे. नापास होणाऱ्या मुलाने पाटी घासूनपुसून लख्ख ठेवावी तसला तो कष्टाळूपणा होता. आणि रविवारी फोन वाजला की चोराच्या मनात चांदणं. ताईने नुसतं "बोल" म्हटलं तरी मला वाटायचं, हिला कळलं.

ताई चार महिन्यांनी यायची होती. ती आधीच आली, कारण डोळे डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा जास्त घाईत होते आणि आमच्याकडच्या इस्पितळात तपासणी होती. मी दवाखान्यातून संध्याकाळी घरी आले तर ती माझ्या टेबलाशी बसलेली आणि पुढ्यात बाक पसरलेला.

"ताई मागत होत्या, म्हणून काढून दिलं," हे म्हणाले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते चहा ठेवायला आत गेले.

ताई कापडावर बोटं फिरवत होती. सावकाश, उजवीकडून डावीकडे. माझ्या चपला पायातच राहिल्या.

"बाबांना खाली बसवलंस वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"एक घर चुकलं होतं ना. नंतर लक्षात आलं. म्हटलं राहू दे, बाबा एका जागी कधी टेकले होते?" ती हसली. तिचं बोट पुढे सरकलं, थांबलं, परत मागे आलं. "आई कुठे आहे?"

"तिथेच आहे," मी म्हणाले. "बारीक दोरा आहे गं, हाताला कळत नाही."

हे वाक्य मी कसं बोलले ते मला अजून समजत नाही. आंधळी होत चाललेल्या बहिणीला मी सांगत होते की दोष तिच्या बोटांचा आहे.

ताईने कापड उचललं, खिडकीकडे वळली, आणि हल्ली ती बघते तशी मान एका बाजूला करून डोळ्याच्या कडेने बघत राहिली. बराच वेळ. मग कापड उलटं करून मागची बाजू चाचपली. गुळगुळीत होती, मंडळाला हवी तशी.

"इथे पांढरं आहे," ती म्हणाली. "आणि माझी एकही गाठ नाही."

"उसवलं."

"सगळं?"

"सगळं. तुझे टाके उलटे पडतात. माझ्याशी जुळत नव्हते."

"मग तू उलटे घालायचेस," ताई म्हणाली.

ती चिडली असती, रडली असती, तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणून दिलं असतं. तिने कापड पुन्हा टेबलावर सुलटं पसरलं. मग म्हणाली, "सुई ओवून दे."

मी आईच्या कपाळाचा रंग ओवला. तिचं बोट धरून जागेवर ठेवलं. मी घरं मोजत होते, ती टोचत होती. एक टाका घातला. दुसरा घातला. तिसऱ्याला सुई तिच्याच बोटात गेली, तरी तिने तो पुरा केला आणि मागे गाठ मारली. मग नखाने तिन्ही टाके तपासले. ते घरांत बसलेच नव्हते. अर्धं घर वर, अर्धं घर बाजूला, वाकडेतिकडे.

"नाही जमत," ती म्हणाली आणि सुई कापडात खोचून ठेवली.

चहा आला. ती तो प्यायली, यांच्याशी इस्पितळातल्या रांगेबद्दल बोलली. बरणी मी तिला दाखवली नाही. तेवढीही हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी निघताना चपला घालता घालता तिने सांगितलं, "वरचा पाय माझ्या बाजूने घाल. आणि मागे गाठ मार, तुमच्या बाईंना चालत नसली तरी."

ती गेल्यावर मी तक्ता, बदकं, जे जे चालू होतं ते सगळं कपाटात टाकलं आणि वही त्यांच्यावर ठेवली. पाळी बंद. रोज फक्त आई. पहिल्या दिवशी हात अडखळला. दुसऱ्या दिवशी दोनदा चुकला. तिसऱ्या दिवसापासून वरचा पाय आपोआप ताईच्या बाजूला कलायला लागला. तीन दिवस. एवढंच लागणार होतं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

आता रविवारी एकच प्रश्न असायचा, "आई कुठवर आली?" मी खरं सांगायचे. शालीची कड. शाल. मान. एका आठवड्यात फक्त चाळीस टाके झाले तर चाळीसच सांगायचे. ताईकडूनही खरीच बातमी यायची. पेपरचे मथळे गेले. नातीचा चेहरा गेला. मी नाकापर्यंत पोचले त्या रविवारी ती म्हणाली, "सकाळ झालेली कळते, तेवढंच." मी डोळे भरत होते तेव्हा तेही गेलं. कपाळ पुरं व्हायला त्यानंतर आणखी दोन महिने लागले; तेवढ्यांनी मी हरले होते. उसवण्यात आणि टाळण्यात घालवलेले दिवस मी मोजले नाहीत, पण ते दोन महिन्यांपेक्षा जास्त होते हे मला माहीत आहे.

गेल्या रविवारी मी सांगितलं, "कपाळ झालं. आई पूर्ण झाली."

ताई म्हणाली, "माझे ते तीन टाके काढलेस ना? वाकडे होते गं. आईचं कपाळ आहे ते."

कापड माझ्या मांडीवरच होतं. आईच्या कपाळावर, डाव्या भुवईच्या वर, ते तीन टाके होते तसे होते. मी त्यांच्या भोवतीने भरत गेले होते आणि त्यांच्यापायी आईची एक भुवई जराशी उचललेली दिसत होती. आम्हा दोघींपैकी कुणी खोटं बोललं की ती तशीच उचलायची.

"काढले," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यात ताई येणार आहे. ती आल्या आल्या कापड मागेल आणि उजवीकडून डावीकडे बोटं फिरवेल. मी तिला अडवणार नाही.