उजवा, डावा आणि घरी बसलेला कौल

रविवारी सकाळी नऊ वाजता खारजाईच्या देवळात सव्वाशे माणसं दोन कळ्यांकडे डोळे लावून उभी होती. रघू भगताने तगरीची एक कळी ओली करून देवीच्या शिळेच्या उजव्या अंगाला चिकटवली होती, दुसरी डाव्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. होडी लोटायची का, सोयरीक जुळवायची का, असल्या प्रश्नांना आमच्या कोळीवाड्यात पिढ्यानपिढ्या हा कौल लावतात. जिल्हा परिषदेला मत कोणाला द्यायचं, हे देवीला प्रथमच विचारलं जात होतं.

उजवी कळी टपकन पडली.

“बघा! आई म्हणते, आमच्याच उमेदवाराला!” भावेश ओरडला. “पुन्हा लावा, रघूदादा. शंका नको.”

पुन्हा उजवी. तिसऱ्यांदा उजवी. बायकांनी हात जोडले.

भावेश पनवेलचा. पक्षाने त्याला ‘अवघड गावांचा प्रमुख’ म्हणून पाठवलं होतं आणि त्याच्या यादीत आमचं गाव पहिलं होतं. चारशे बारा मतदार, मागच्या खेपेला पक्षाला नऊ मतं; त्यातल्या दोघांनी बटण चुकून दाबल्याचं शपथेवर सांगितलेलं. कारण साधं होतं. पक्षाच्या उमेदवाराला किनाऱ्याचं सुशोभीकरण करायचं होतं, आणि तो किनारा म्हणजे आमच्या बायकांची मासळी सुकवायची जागा. नलूबाय तिथे चाळीस वर्षं बोंबील वाळवते. जागा गेली की तिची चूल गेली.

“माता-भगिनींनो,” भावेशने प्लास्टिकची बाटली उंचावली, “डावं अंग म्हणजे नकारात्मक ऊर्जा! म्हणून डाव्या कळीला मी सात नद्यांचं तीर्थ आणलंय. उजवीला विहिरीचं पाणी पुरे, ती मुळातच पॉझिटिव्ह!”

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. मी बोर्लीच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. मान हलवण्याचा मला सराव आहे.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी जवेरिया टीचरना सांगितली. त्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवतात.

“दोन्ही कळ्यांना पाणी वेगळं का, सर?”

“तीर्थ आहे ना ते.”

“तीर्थात काय आहे?”

हे इतिहासाच्या पुस्तकात नव्हतं. त्यांनी तगरीच्या कळ्या मागवल्या आणि फळ्यावर चिकटवल्या. एक साध्या पाण्याने, एक मिठाच्या, एक साखरेच्या आणि एक भाताच्या पेजेच्या निवळीने. पहिल्या तीन थोड्या वेळात खाली आल्या. पेजेची कळी शाळा सुटेपर्यंत फळ्यावर होती.

“तुम्ही जाऊन सांगा, सर,” त्या म्हणाल्या. “मी देवळात गेले तर कळ्या राहतील बाजूला, चर्चा माझी होईल.”

“बघतो,” मी म्हणालो. माझ्या ‘बघतो’चा अर्थ त्यांना कळला. त्या सरळ नलूबायच्या घरी गेल्या.

मंगळवारी भावेशने पुन्हा कौल ठेवला. या वेळी गर्दी दुप्पट. रघूने कळ्या चिकटवल्या, तोच नलूबाय गर्दीतून पुढे घुसली.

“रघ्या, थांब.”

तिने डाव्या कळीखालच्या शिळेवरून बोट फिरवलं आणि हुंगलं.

“तीर्थ? आरं, पेज हाय ही, पेज! लुगड्याला खळ घालतो तीच. आंबलीबी हाय मेली!”

देऊळ हसायला लागलं. रघूचा चेहरा पडला. त्या बिचाऱ्याला खरंच तीर्थ वाटत होतं.

“आता तुजं तीर्थ उजवीकडं लाव. साधं पानी डावीकडं. लाव की!”

रघूने लावलं. डावी कळी पडली. दुसऱ्यांदा डावी. तिसऱ्यांदा डावी.

“काय भावेशभाऊ,” मागून कोणीतरी ओरडलं, “आईला ऊर्जा बदलून आली का?”

पेज वाळली की खळीसारखी घट्ट धरते. नुसतं पाणी वाळलं की कळी सुटते. एवढाच चमत्कार. मला वाटलं, आता भावेश पळणार. त्याने शांतपणे बाटलीला झाकण लावलं.

“आईने उजवा दिला, डावाही दिला,” तो हळू आवाजात म्हणाला. “अर्थ तुम्हीच लावा. आणि आईच्या अंगाला कोणाचा हात लागला, ते आई बघतेय.”

हसू तिथेच थांबलं.

मतदानाच्या दिवशी चारशे बारांपैकी एकशे एकाहत्तर माणसं आली. बाकीची म्हणत होती, “आईचं मन दोन बाजूंला हाय. आपन कशाला मदी पडा?” पक्षाला गावातून अकरा मतं मिळाली. आणि आजूबाजूच्या गावांचा सगळा गट मिळून पक्षाचा उमेदवार त्र्याऐंशी मतांनी निवडून आला.

भावेश बोर्लीच्या नाक्यावर चहा पिताना भेटला.

“सर, मला कोळीवाड्याची मतं नकोच होती. ती पडायला नको होती, एवढंच.”

“आणि पेज पकडली गेली ती?”

“बरंच झालं! नुसता उजवा कौल राहिला असता तर निम्मे लोक चिडून आले असते. चिडलेला माणूस रांगेत उभा राहतो, सर. गोंधळलेला घरी बसतो.”

पुढच्या आठवड्यात जमिनीचे मोजणीवाले आले. किनाऱ्यावर चुन्याची रेघ पडली, ती बोंबील वाळवायच्या काठ्यांच्या मधूनच. नलूबाय वाळत घातलेली मासळी उलटत होती.

“नलूबाय, तू तरी मत दिलंस ना?”

“न्हाय.”

“अगं, लबाडी तूच पकडलीस!”

“लबाडी व्हती ते मना ठाव हाय,” ती मान वर न करता म्हणाली. “पन न विचारता आईच्या अंगाला हात लावला ना मी. जीव घाबरला. सुनेलाबी जाऊ दिलं न्हाय.”

तर वाचकहो, कळी का पडली हे जरूर विचारा. पण तिथे थांबू नका. ती पडल्यावर कोण घाबरतं, कोण घरी बसतं आणि त्याने कोणाचं फावतं, तेही विचारा. मत द्यायला देवीची परवानगी लागत नाही, आणि न दिलेलं मतही मोजलं जातं, दुसऱ्याच्या बाजूने. मी हे सगळं नलूबायला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि रेघेपलीकडचे बोंबील अलीकडे आणायला लागली.

अलीकडे जागा नव्हती.