सेलवर भरलेला आवाज

तीन मोडक्या मशिनांतून एक चालतं मशीन उभं करायचं, हा तिचा उद्योग. संग्रहालयाच्या तळघरात जुन्या टेपांची रिळं कपाटं भरभरून पडली होती आणि ती संगणकावर उतरवून घ्यायचं काम तिच्याकडे होतं. पण रीळ वाजवणारी मशिनं आता कोण बनवतंय? मग बाई अडगळी धुंडाळत फिरायच्या. एक मशीन बंद पडलेल्या शाळेत सापडलं, एक भंगारवाल्याकडे. तिसरं दातांच्या डॉक्टरांच्या गॅलरीत डोक्यावर कुंडी घेऊन उभं होतं. "कुंडीसकट नेणार असाल तर न्या," डॉक्टर म्हणाले. तिने कुंडीसकट नेलं. घरी नवऱ्याने कोपरापासून हात जोडले.

आतला रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालं होतं आणि टेप पुढे ओढणारं चाक दगडासारखं कडक पडलं होतं. पट्टा बदलला, चाकाला नवं रबर चढवलं, टेप जिला घासत जाते ती हेड स्पिरिटने पुसली. वेग कमी-जास्त करायला एक बटणही तिने हौसेने बसवलं. मशीन फिरायला लागलं तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. कारण या खेपेला टेप संग्रहालयाची नव्हती, मावशीची होती.

गळ्याच्या ऑपरेशनमध्ये मावशीचा आवाज गेला तेव्हा ही पाळण्यात होती. तेव्हापासून मावशी पाटीवर बोलायची आणि पाटीवरच भांडायचीही. तिचा आवाज होता तरी कसा, हे कुतूहल हिच्या मनातून कधी गेलं नाही. आईला विचारलं तर आई म्हणायची, "भारदस्त." मामा म्हणायचा, "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा." ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, तो एका रिळावर भरून ठेवला होता. मावशीने ते कधी लावूच दिलं नाही. काका गेले, मशीन कुणाला तरी देऊन टाकलं, रीळ मात्र कपाटात राहिलं. आणि परवा अचानक ते भाचीच्या हातात देऊन मावशीने पाटीवर लिहिलं : "डोळे मिटायच्या आत ऐकव." खाली आणखी एक ओळ : "तशी घाई नाही."

मावशी तळघरात आली, खुर्चीत बसली. रीळ सुरू झालं. कुत्र्याला सर्दी होते अशी काहीतरी गोष्ट सांगणारा एक चिरका, घाईघाईचा आवाज आला.

मावशीने मान हलवली. पाटीवर लिहिलं : "ही मी नाही."

भाचीच्या लक्षात आलं. काकांचं मशीन सेलवर चालायचं. सेल उतरत गेले की भरताना मशीन हळू फिरतं, आणि मग तीच टेप नीट वेगावर लावली की माणसाची चिमणी होते. विजेवर भरलेल्या टेपमागे एक बारीक गुणगुण असते, तिच्यावरून खरा वेग तरी कळतो. इथे तीही सोय नव्हती. तिने बटण थोडं खाली फिरवलं. मावशीची मान नकारार्थी. आणखी खाली. नाही. आणखी खाली नेलं तर कुत्र्याची सर्दी एखादा पहिलवान सांगू लागला. मावशी खुदकन हसली, पण मान हललीच.

भाचीने हात टेकले. "अगं मावशी, तुला तरी कसं कळणार? आपला आवाज आपण आतून ऐकतो. बाहेरून तो कसा येतो ते बाकीच्यांनाच ठाऊक." बोलताना तिला रडू यायचं बाकी होतं. चुकीच्या वेगावर उतरवलं तर पुढे हाच मावशीचा आवाज म्हणून राहणार होता, आणि चूक दाखवायला कोणी उरणार नव्हतं. बटण मूळ जागी नेऊन तिने रीळ नुसतंच पुढे चालू ठेवलं.

गोष्टीच्या मध्येच दुसरा एक चिरका आवाज घुसला : "अगं, जरा मशीनकडे तोंड करून बोल की!"

मावशी ताडकन उठली. तिने रीळ मागे घ्यायची खूण केली, भाचीला बाजूला सारलं आणि बटण स्वतःच्या हातात घेतलं. तेच वाक्य पुन्हा. बटण किंचित खाली. पुन्हा तेच वाक्य. मावशी डोळे मिटून ऐकत होती, एका हाताने भिंत धरून. बटण केसभर खाली, मग अर्धा केस वर. "अगं, जरा मशीनकडे तोंड करून बोल की," काका म्हणाले, वैतागून आणि मायेने, आणि मावशीचा हात बटणावरून खाली आला.

भाचीने त्या जागेवर पेन्सिलीने खूण केली आणि टेप पुढे जाऊ दिली. त्याच वेगावर पलीकडून एक बाई बोलू लागली : जरा घोगरी, दमदार, हसू दाबत. "माझं तोंड मशीनकडेच आहे, तुमचं लक्ष कुठंय?" आई आणि मामा दोघंही थोडेथोडे खरे होते. इतक्या वर्षांची मावशी तिला आज भेटत होती.

"मावशी, ही बघ! ही तू!"

मावशीने डोळे पुसले आणि पाटी पुढे ओढली.

"कळलं. ह्यांना परत लाव."