स्वल्पविरामापुढचा पत्ता

नाटकमंडळीत आवाजांचं खातं काकूंकडे होतं. वीज, पाऊस, घोडे, दारावरची थाप, सगळं एका म्हाताऱ्या लॅपटॉपमध्ये कोंबलेलं. हवा तो आवाज काढायला या फोल्डरातून त्या फोल्डरात, तिथून तिसऱ्यात शिरायचं, आणि तोवर रंगमंचावर राजा मरून थंड व्हायचा. राजा म्हणजे काकूंचाच नवरा. रंगीत तालमीत तो मेला, पडला, त्याला कूस बदलावीशी वाटू लागली, तेव्हा कुठे वीज कडाडली.

दिग्दर्शकाने हात जोडले. "काकू, उद्या एक जरी आवाज उशिरा आला ना, तर लॅपटॉप बंद. मी पत्रा वाजवून वीज पाडीन."

बारा वर्षांची सेवा आणि वर पत्रा. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळी त्यांनी भाचीला फोन लावला आणि भाचीने गुरुकिल्ली दिली. शॉर्टकट बनवायचा, त्याच्या टार्गेटच्या रकान्यात लिहायचं: एक्सप्लोरर, तिरकी रेघ, सिलेक्ट, स्वल्पविराम, आणि पुढे फाइलचा पूर्ण पत्ता. की खिडकी थेट त्याच फोल्डरात उघडते, तीच फाइल निवडलेली. एंटर दाबला की वाजलीच.

काकूंनी दारावरच्या थापेचा शॉर्टकट करून पाहिला. खिडकी उघडली, थाप पडली. काकू हरखून गेल्या आणि त्यांनी ती अकरा वेळा पाडली. नवऱ्याने अकरा वेळा दार उघडलं.

"आता हे सगळं सापडायला लागलं," तो दमून म्हणाला, "तर माझा चष्माही शोध की त्यात."

"पूर्ण पत्ता सांगा, लगेच उघडून देते."

मग काकूंना कोण आवरणार. एकेक शॉर्टकट लिहिण्यापेक्षा त्यांनी आधीच्याचीच नक्कल काढायची, नाव बदलायचं, स्वल्पविरामापुढचा पत्ता बदलायचा, असा सपाटा लावला. प्रत्येक शॉर्टकटला कळा नेमल्या: कंट्रोल, ऑल्ट आणि प्रवेशाचा आकडा. मधेच त्या गाणं गुणगुणत होत्या, तेवढं नडलं.

दुपारच्या प्रयोगात पहाट पहाटेला झाली, घोडे वेळेत आले. काकूंना आभाळ ठेंगणं झालं. सहाव्या प्रवेशात राजा छातीवर हात ठेवून कोसळला. कंट्रोल, ऑल्ट, सहा. खिडकी उघडली. निवडलेल्या फाइलचं नाव वाचायची गरजच काय, काकूंनी एंटर दाबला.

कोंबडा आरवला.

दुसऱ्या प्रवेशातल्या पहाटेची नक्कल होती ती. नाव 'राजाचा मृत्यू' असं बदललं होतं, पत्ता तसाच राहिला होता. काकूंच्या पायाखालची जमीन सरकली.

मेलेल्या राजाचं पोट हलू लागलं. शेवटी त्याने मान उचलली, "उजाडलं वाटतं," म्हणाला आणि पुन्हा मेला. प्रेक्षागृह हसून लोटपोट झालं. टाळ्या थांबेनात.

पडदा पडला. दिग्दर्शक पत्रा हातात घेऊनच विंगेत आला. काकूंनी लॅपटॉप आपणहून मिटला होता.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"साफ चुकलं." त्याने डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. "पण उशीर नाही झाला. बोली उशिराची होती."

आणि पत्रा त्याने स्वतःच नेऊन अडगळीत टाकला.