फटीचा निवद

सकाळी आठ वाजता तनुजाने डोक्याला रुमाल गुंडाळला, हातात लोखंडी पट्टी घेतली आणि ती गॅलरीच्या चौदाव्या पायरीवर मांडी घालून बसली. समोर फट होती.

तळवड्याच्या पुढचं ते भलंथोरलं स्टेडियम लांबून एकसंध दिसायचं, पण होतं तुकड्यातुकड्यांचं. काँक्रीट उन्हात फुगतं, गारव्यात आकसतं, म्हणून दर दोन गॅलऱ्यांच्या मधे मुद्दाम दोन बोटांची फट सोडलेली. त्या फटीत फोमची दोरी दाबायची आणि वरून रबरासारखं मऊ सीलंट भरायचं, म्हणजे गॅलऱ्या हलायला मोकळ्या राहतात आणि पाऊस खाली खेळाडूंच्या खोल्यांत उतरत नाही. काम ऐकायला एवढंसं. पण फट आतून लख्ख आणि कोरडी ठणठणीत नसेल, तर सीलंट धरतच नाही.

हे सगळं तिला तिच्या नवऱ्याने शिकवलेलं. रोहिदासने. मागच्या उन्हाळ्यात याच फटीखाली, वरच्या गॅलरीच्या पोटाला टांगलेल्या फळीवर तो काम करत होता. फळीसकट खाली आला. ठेकेदार बबनरावांनी महिन्याभरात त्याच्या जागी तनुजाला घेतलं, आणि सगळे म्हणाले, शेठचं काळीज मोठं.

दुपारी ऊन चढलं की फटीखालचा पत्रा वाजायचा. टक. मग जरा थांबून, टक टक. रोहिदास पट्टीने काँक्रीट वाजवून बघायचा, अगदी तस्सं. पत्रा तापला की वाजतो हे काय तिला कळत नव्हतं होय? तरी तिचा हात थांबायचा आणि ती पुटपुटायची, "हां, बघते." कामगार एकमेकांकडे बघायचे. मग त्या बाजूला डबा खायला कुणी बसेना झालं.

आता बबनरावांच्या कामाची एक रीत होती. फट घासायची, धूळ काढायची, कडेला टेप लावायची, हे सगळं तनुजाने करायचं. पण भरायच्या दिवशी तिने सिमेंटच्या गोदामामागे जाऊन बसायचं. विधवेची सावली नको. मग बबनरावांची बायको मिनल ताट घेऊन यायची. दर पायरीवर फटीत हळदकुंकू, कापलेलं लिंबू आणि दहीभात घालायची. फटीने एक माणूस खाल्लाय, तिला निवद दिला नाही तर दुसरा मागेल, असं बबनराव म्हणायचे. त्यावर नुमान नावाचा कामगार सीलंट दाबून सोडायची गन घेऊन फट भरत जायचा.

दोनदा फट भरली, दोनदा गळली. तिसऱ्यांदा भरली, तपासायला बांध घालून पायऱ्यांवर पाणी साठवलं, आणि दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत छतातून थेंब पडत होते. बबनराव सगळ्यांसमोर म्हणाले, "हिचा नवरा तिथं गेलाय. ही आली की फट तोंड उघडते. एवढी एक फट झाली की हिला कामावरून बंद करा."

खरं सांगायचं तर तनुजालाही तसंच वाटू लागलं होतं. हीच गोष्ट सगळ्यात भयंकर होती. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध असलेल्या घरातली ती बाई, पण रात्री भाकरी थापताना तव्यावरचा फुगा फुटला तरी दचकायची. आपल्याच हातात काहीतरी आहे, म्हणून तो गेला, म्हणून पाणी उतरतं.

सासू चतुराबाईंनी तिला दचकताना बघितलं आणि तिच्या मनातलं ओळखलं. त्या स्वतः नवरा गेल्यावर तीस वर्षं कंपनीत खपलेल्या.

"तुज्या हातात काय हाय, सांगू का? घट्टे हायेत," त्या म्हणाल्या. "दुसरं काय न्हाई. आन् मी बी तुला गप बस म्हनत आले, ती माजी चूक."

दुसऱ्या दिवशी तनुजाला जुनं सीलंट कापून काढायचं काम दिलं. खरवडायला विधवा चालत होती. तिने पात्याने दोन्ही कडा कापल्या आणि टोक धरून ओढलं. हातभर पट्टी सापाच्या कातीसारखी अलगद निघून आली. मग अडकली. तिथे दोन्ही पाय रोवून ओढावं लागलं, काँक्रीटचे कण घेऊन निघाली. पुढे परत अलगद.

तिने पट्टी उलटी केली. पोटाला भाताची शितं, काळंठिक्कर लिंबू, कुंकवाचा चिखल, त्यावर केसाळ बुरशी. जिथे निवद, तिथेच ओल. जिथे काही नव्हतं, तिथे पकड.

खाली पत्रा वाजला, आणि पहिल्यांदाच तिने उत्तर दिलं नाही.

पट्टी घेऊन ती सुपरवायझर धनेशकडे गेली. धनेश डिप्लोमा झालेला. त्याने एक नजर टाकली आणि मान खाली घातली.

"मला माहितीये, तनुजाताई. पहिल्यांदा गळलं तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"शेठची श्रद्धा आहे ओ. कोण वाईटपणा घेणार?"

वाईटपणा तिच्या एकटीच्या वाट्याला आला होता, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याचे कान लाल झाले.

भरायच्या दिवशी मिनल ताट घेऊन आली. सगळे गोदामाकडे बघू लागले, कारण तनुजा चौदाव्या पायरीवरून उठलीच नव्हती. बबनराव ओरडले. तिने जुन्या सीलंटची ती पट्टी त्यांच्या पायाशी पसरली आणि सांगितलं, की खालच्या दहा पायऱ्या ती भरेल, स्वतःच्या हाताने, निवदाशिवाय. वरच्या दहा शेठनी रीतीप्रमाणे भराव्यात. खालचं गळलं तर तिला काढून टाका, ती परत तोंड दाखवणार नाही. बबनराव नाही म्हणणार होते, पण धनेश घसा खाकरून पुढे आला, आणि गन त्याने तिच्या हातात दिली. तेवढं तरी त्याने केलं.

पाणी दोन दिवस साठवलं. वरच्या पायऱ्यांखाली नऊ ठिकाणी थेंब. खालच्या पायऱ्यांखाली छत कोरडं, माचीस ओढली तर पेटावी इतकं.

झालं, जिंकली, असं वाटलं ना? पण ऐका. तिसऱ्या सकाळी ती कामावर आली, तर तिच्या जागेवर नारळ, उदबत्ती आणि लिंबू मांडलेलं. बबनराव हात जोडून उभे. "रोहिदास जागृत आहे. बायकोच्या हाताला यश देतोय. आता दर फटीला पहिला हात तुझाच, आणि पहिला निवद त्याला."

काल पांढऱ्या पायाची, आज देवी. आणि क्षणभर तिला ते गोड वाटलं. तो आहे, इथेच आहे, माझ्यासाठी आहे. पत्रा वाजला तसे सगळ्यांनी डोळे मिटले.

तिने वर पाहिलं. पुढच्या गॅलरीच्या पोटाला फळी टांगलेली होती, दोन जुनाट दोरांवर. नुमान शिडीवरून त्या फळीवर पाय ठेवत होता. कमरेला काही नाही.

"नुमान, खाली ये," ती म्हणाली.

"काय झालं, भाभी?"

"आधी खाली ये."

तो उतरला. मग ती बबनरावांकडे वळली. आवाज चढला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"त्याला फटीने नेलं नाही, शेठ. दोर कुजला होता आणि कमरेला पट्टा नव्हता. तुम्ही निवद दाखवलात, आणि दोराबद्दल कुणी विचारलंच नाही. मी पण नाही."

आणि नवे दोर, पट्टे येईपर्यंत उठायचं नाही म्हणून तनुजा पायरीवर मांडी घालून बसली. मिनलने हातातल्या ताटाकडे बघितलं. मग ते पायरीवर ठेवलं आणि ती तनुजाशेजारी बसली. नुमान बसला. धनेश थोडा वेळ उभा राहिला, मग तोही.

बबनरावांची गाडी चाकणच्या रस्त्याला गेली आणि दुपारी परत आली. डिकीत नवे दोर होते, आणि कमरेला बांधायचे पट्टे. फळीवर चढणारी माणसं चार. पट्टे तीन.

तिघांनी पट्टे बांधले. बबनराव म्हणाले, आता तरी उठा, चौथा उद्या आणतो.

चौथा येईपर्यंत तनुजा उठली नाही.