समुद्राकडची कबर

क्लेमंट गेज माझा शेजारी. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या आमच्या किनाऱ्यावर जन्मभर खेकडे पकडत आला. वादळ ओसरलं की तो कड्याखाली जायचा. आमचा कडा दगडाचा नाही, बर्फाच्या युगात हिमनद्यांनी आणून टाकलेल्या माती-वाळूचा आहे. त्याच्या पायथ्याशी काळा चिखल दिसतो, तो त्याही आधीच्या अरण्याचा. त्यातून क्लेमंटला पाइनची बोंडं मिळायची, हरणांची शिंगं मिळायची. एकदा तर तो हत्तीची दाढ घेऊन आला.

"आणलंस पुन्हा मेलेलं जनावर घरात?" त्याची बायको थर्झा ओरडली.

"अगं, हत्ती आहे! आपल्या दारात हत्ती चरायचे."

"मग आज त्यालाच जेवायला वाढते." असं म्हणाली खरी, पण दाढ धुऊन खिडकीत मांडली तिनेच.

त्यांची एकुलती एक लेक, लेटिस, तापाने गेली. तेव्हा चर्चची दफनभूमी कड्यापासून दोन शेतं आत होती. पोरीला लाटांचा आवाज आवडायचा, म्हणून क्लेमंटने समुद्राकडची जागा मागून घेतली. पुढे दर हिवाळ्यात कडा ढासळत गेला. आधी एक शेत गेलं, मग दुसरं.

कबरी गावात आत हलवायच्या का, असं पाद्रीबाबांनी विचारलं. थर्झा लगेच हो म्हणाली. क्लेमंट अडून बसला.

"तिला उकरून काढायचं? हा कडा मी ओळखतो. आपण असेपर्यंत काही होत नाही."

पुढच्याच फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटला आणि समुद्र कड्यावर चढला. सकाळी बघतो तर दफनभूमीची समुद्राकडची बाजू उरलीच नव्हती.

काळ्या चिखलात अख्ख्या हत्तीच्या बरगड्या उघड्या पडल्या होत्या. संग्रहालयाची माणसं धावत आली.

"गेजसाहेब, बघा तरी! आयुष्यात एकदाच मिळतं असं बघायला."

त्याने मानही वर केली नाही. तो पडलेली माती नुसत्या हातांनी चाचपत होता. मी फावडं पुढे केलं.

"नको," तो म्हणाला, "तिला लागेल."

थर्झाने त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, समोर बसायची नाही. तो ओहोटीला जायचा, भरती आली की चिखलाने माखून परतायचा. एके दिवशी ती रबरी बूट घालून खाली उतरली. मला वाटलं, आता भांडण होणार.

"तिथे कालच बघितलंस ना?" ती म्हणाली. "मग इकडे बघू." आणि तिने त्याच्या शेजारी गुडघे टेकले.

काहीच सापडलं नाही. माती लाटांत विरघळून गेली होती.

उन्हाळ्यात नव्या दफनभूमीत लेटिसच्या नावाचा दगड बसवला. खाली कोणी नव्हतं. पाद्रीबाबा गेल्यावर क्लेमंट म्हणाला, "मी हो म्हणायला हवं होतं, थर्झा."



"हो," ती म्हणाली, "म्हणायला हवं होतंस."

मग तिने त्याच्या कोटाच्या बाहीला लागलेली माती झटकली, आणि दोघं घराकडे चालू लागली.