खुणेपलीकडच्या बावीस ओळी

टेपा भाजाव्या लागतात, हे ऑपरेटरला वयाच्या बहात्तराव्या वर्षी कळलं. उभी हयात त्याने टेपा चढवण्या-उतरवण्यात घालवली होती. त्या काळात कोणी असं म्हटलं असतं तर त्याने त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. आता मात्र संग्रहालयाच्या तळघरात, फळं वाळवायच्या एका बसक्या यंत्रात, त्याच्याच कचेरीची टेप आदल्या दिवसापासून शेकत पडली होती आणि तो समोर स्टूल ओढून तिची राखण करत होता.

"एवढ्या वर्षांत फितीतला गोंद ओल धरतो, काका," टेपबाई म्हणाली. "तशीच चालवली तर चिकटते आणि वरचा सगळा तपकिरी थर खरवडून निघतो. मग बसा हातात नुसती पट्टी घेऊन."

टेपबाई हे नाव त्यानेच ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात. पन्नाशीची, कानावर पेन्सिल, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. जुन्या टेपांवरचा मजकूर उतरवून घ्यायचा आणि तो लॅपटॉपमधल्या एका नकली मशीनवर चालवून बघायचा, हे तिचं काम. नकली म्हणजे खरोखर हुबेहूब नकली. खोलीभर पसरलेलं ते जुनं धूड आता एका प्रोग्रॅमच्या रूपाने तिच्या मांडीवर बसायचं, तेच प्रश्न विचारायचं, तशीच खुसपटं काढायचं. पहिल्या दिवशी ते बघून ऑपरेटरला हसूही आलं होतं आणि भरूनही आलं होतं.

पाणीखात्याने आपलं तळघर रिकामं केलं तेव्हा चारशे टेपा या संग्रहालयात येऊन पडल्या. वरच्या चिठ्ठ्यांवरची खुणेची अक्षरं कुणाच्या बापाला कळेनात. टेपबाईने निवृत्तांची यादी शोधून फोन लावले, तर तिच्या नशिबाने हा एकच धडधाकट निघाला. तेव्हापासून तो आठवड्यातून दोनदा इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि चिठ्ठ्या वाचून द्यायचा. घरात कोणी विचारत नसलं तरी इथे त्याच्या शब्दाला वजन होतं, असं तो बायकोला सांगायचा.

बायको हसायची. पण तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिने हळूच म्हटलं होतं, "अहो, माझी सापडते का बघा."

माझी म्हणजे कोणती, हे त्याला विचारायची गरज नव्हती.

बायको त्याच कचेरीत प्रोग्रॅमर होती. हुद्द्याने त्याच्याहून मोठी. लग्नानंतर मित्रांनी त्याला भरपूर चिडवून घेतलं होतं की बाबा रे, तुला आता दोन्हीकडे साहेब एकच. कालव्यांचे दरवाजे कोणत्या दिवशी, किती वाजता उघडायचे, याचं आठवड्याचं वेळापत्रक तिचा प्रोग्रॅम छापून द्यायचा. दरवाज्यावरचा माणूस तो कागद खिळ्याला अडकवायचा आणि घड्याळ बघून चाक फिरवायचा. अडतीस वर्षांपूर्वी कालव्याच्या चौथ्या फाट्यातला गाळ काढायचं ठरलं. ज्या फाट्यात माणसं कामाला उतरलीत त्याचा दरवाजा बंदच ठेवायचा, अशी दुरुस्ती तिला करायला सांगितली होती. ती म्हणाली, शुक्रवारी केली. सोमवारी सकाळी निघालेल्या कागदावर फाटा चार, सहा वाजता उघडा, असंच छापून आलं. दरवाजा उघडला. आत दोन माणसं होती, एकमेकांचे साडू.

चौकशी झाली. कागदाचा तुटवडा असल्यामुळे प्रोग्रॅमची छापील प्रत सोमवारीच काढत. त्या प्रतीत दुरुस्ती नव्हती. तिने दुरुस्तीची भोकं पाडून दिलेली कार्डं नियमाप्रमाणे शुक्रवारीच रद्दीत गेली होती. ऑपरेटरला विचारलं, टेप बरोबर लावली होती का? त्याने छातीठोकपणे सांगितलं, बरोबर लावली होती. आणि ते त्याला खरंच तसं वाटत होतं, हे आधीच सांगून टाकतो. ती मग स्टेशनरी विभागात गेली आणि निवृत्त होईपर्यंत पेनं, फायली आणि कार्बन कागद वाटत बसली.

पहिली काही वर्षं ती म्हणायची, "मी केली होती हो." नंतर म्हणायला लागली, "केली असणार." आणि गेली कित्येक वर्षं, "केलीच नसेल मी." घरातून निघताना गॅस बंद केलाय का, हे ती तीनदा बघायची आणि मग जिन्यात थांबून त्याला विचारायची, "मी बंद केला ना?" तो म्हणायचा, "केलास."

त्याने तिला केव्हाच माफ करून टाकलं होतं. माणूस आहे, राहून गेलं असेल, त्याचं काय एवढं! तिला न विचारता, न सांगता त्याने हे परस्पर उरकलं होतं आणि आपल्या मोठ्या मनाचं त्याला अधूनमधून बरंही वाटायचं. तरीही ती टेप शोधायला तो लागला तो मनापासून. आयुष्याच्या शेवटी शेवटी तिला एकदाचं काय ते कळावं, एवढंच त्याला हवं होतं.

शेकत पडली होती ती हीच टेप. ती गार झाल्यावर टेपबाईने वाचायच्या यंत्रावर चढवली. "एकदाच नीट वाचली जाईल असं धरून चला," ती म्हणाली. "दुसऱ्या फेरीला किती उरेल सांगता येत नाही." फीत सरकायला लागली. खाली तपकिरी भुकटी पडत होती आणि ऑपरेटर दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून बसला होता. ज्या कामात त्याने जन्म काढला त्या कामात आता त्याला बोट लावायचीही सोय नव्हती.

टेप निर्विघ्न वाचली गेली. टेपबाईने ती नकली मशीनला दिली, त्या सोमवारची तारीख घातली आणि वेळापत्रक मागितलं. पडद्यावर ओळी उमटत गेल्या. फाटा एक, फाटा दोन, फाटा तीन. फाटा चार, सकाळी सहा, उघडा.

ऑपरेटर स्टुलावरून उठला. म्हणजे नव्हतीच केली तिने. हे घरी जाऊन कोणत्या तोंडाने सांगायचं, याची तो जुळवाजुळव करायला लागला.

"थांबा हो, एवढ्यात कुठे निघालात?" टेपबाई म्हणाली. "मजकूर संपल्याची खूण आली की मशीन थांबतं. मी नाही थांबत. खुणेच्या पुढेही फितीवर काहीतरी आहे."

तिने खुणेपलीकडचा तुकडा उघडला. आधी थोडा कचरा आला. मग स्वच्छ, ओळीने, एकाखाली एक, बावीस ओळी. ज्या फाट्यावर काम चालू असेल तो यादीत बघ; असेल तर दरवाजा बंद ठेव. बायको नवा भाग नेहमी प्रोग्रॅमच्या शेवटी जोडायची. सगळ्यात खाली तिची आद्याक्षरं होती आणि शुक्रवारची तारीख.

"अगं बाई!" टेपबाई टाळी वाजवून म्हणाली. तिने त्या बावीस ओळी प्रोग्रॅमला जोडल्या आणि पुन्हा सोमवार चालवला. फाटा चार, बंद. "केलं होतं की हो तुमच्या मिसेसनी! मग नंतर कोणीतरी याच टेपवर जुनी प्रत चढवली. जुनी लांबीला आखूड, म्हणून नवीचं टोक तेवढं वाचलं. कोण शहाणा होता कोण जाणे."

कोण शहाणा होता, ते टेपच्या सुरुवातीलाच लिहिलेलं होतं. शुक्रवार, चार वाजून पन्नास मिनिटं, ऑपरेटर तीन. म्हणजे तो स्वतः.

प्रत्येक प्रोग्रॅमच्या तीन टेपा असत. कचेरीत त्यांना आजोबा, बाप आणि लेक म्हणायचे. बापावरून वाचायचं, नवी कार्डं मिळवायची आणि लेक लिहायचा. मग लेकाची नक्कल आजोबांवर उतरवायची आणि ती नदीपलीकडच्या इमारतीत पाठवायची, इथे आग लागली तर तिथे असावी म्हणून. वाचायची टेप डावीकडे, लिहायची उजवीकडे, हा नेम. लेक मात्र नुकताच लिहिलेला असल्यामुळे उजवीकडेच असायचा. त्याला उतरवायचं, त्याच्या पाठीतली कडी काढायची म्हणजे त्याच्यावर कोणाला काही लिहिता येत नाही, आणि मग डावीकडे चढवायचं. दोन मिनिटांचं काम.

ते दोन मिनिटांचं काम त्या शुक्रवारी त्याने केलं नव्हतं. आता ते त्याला लख्ख दिसलं. लेक उजवीकडे तसाच राहिला, कडीसकट. आजोबा डावीकडे चढले. मशीनने विचारलं होतं, उजवीकडच्या टेपची मुदत संपलेली नाही, तरी लिहू? मशीन हे रोजच विचारायचं, येता-जाता विचारायचं, आणि तिघेही ऑपरेटर न वाचताच 'हो' दाबायचे. त्याने 'हो' दाबलं. घाई होती. पाच वाजता दोघांना घर बघायला जायचं होतं आणि बायको खाली फाटकाशी उभी होती.

"काका, बाईंना फोन लावते, थांबा!" टेपबाईने फोन हातात घेतलासुद्धा.

"नको," ऑपरेटर म्हणाला. "मी सांगतो. घरी जाऊन."

तिने बावीस ओळींचा आणि टेपच्या सुरुवातीचा, असे दोन्ही कागद छापून दिले. त्याला एकदा वाटलं, म्हणावं, बाई, ते सुरुवातीचं पान तेवढं राहू द्या. पण म्हणून काय होणार होतं? ते पान नसतं तरी ज्याला माहीत असायला नको होतं त्याला आता माहीत होतं.

बसमध्ये तो चार थांबे पुढे गेला आणि चालत परत आला. टेप वाचताच आली नाही, असं सांगता येईल. मग ती मरेपर्यंत जिन्यात थांबून विचारत राहील. ओळी सापडल्या, बाकी काही कळलं नाही, असंही सांगता येईल. पण ती प्रोग्रॅमर होती. अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं तिला जुळवता यायचं. घर येईपर्यंत त्याला तिसरी वाट काही सुचली नाही.

बायको इस्त्री करत होती. त्याचाच शर्ट, परवा संग्रहालयात जायचा.

"सापडली?"

"सापडली."

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं. "होतं का त्यात?"

"होतं. बावीस ओळी. तुझी आद्याक्षरं, तारीख, सगळं. त्या जोडून चालवलं तर फाटा चार बंद येतो."

तिने कागद घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून तो वाचला आणि मग पलंगाच्या कडेला बसून ती तोंडावर पदर दाबून रडली. मधेच हसली. "अहो, मी केलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे मी विसरले नव्हते. मी केलं होतं हो."

"केलं होतंस."

तिथेच सगळं थांबावं असं त्याला फार वाटलं. पण तिचे डोळे पुसून झाले आणि नजर कागदावरून उठून भिंतीकडे गेली. हिशेब जुळवताना ती पूर्वी अशीच बघायची.

"मग सोमवारी जुनं कसं आलं?"

"मी," तो म्हणाला. "आजोबांची नक्कल लेकावर उतरवली. उलटी. लेक उजवीकडून काढलाच नाही मी. घर बघायला जायचं होतं ना आपल्याला."

बाहेर कोणीतरी जिना चढून वरच्या मजल्यावर गेलं.

"चौकशीत मी खोटं नाही बोललो गं. मला खरंच वाटत होतं की बरोबर लावली. अगं, ओरड तरी माझ्यावर."

"ओरडू काय?" ती म्हणाली. आवाज साधाच होता. "चौकशी संपायच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही. म्हणाले, ऑपरेटरकडून चूक झाली असू शकते एवढं लिहून द्या, आपण सगळ्या टेपा पुन्हा तपासू. मी म्हटलं, दुसरा कोणी असता तर दिलं असतं लिहून. हा माणूस लावली म्हणतोय, म्हणजे लावली."

तो उभाच होता. बसावं की नाही, हेही त्याला ठरवता येईना.

"मग राहिले मीच," ती म्हणाली. "तुमचं चुकलं नाही, मशीनचं चुकत नाही, म्हणजे माझंच चुकलं. मानून टाकलं मी." तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि त्याच्याकडे बघितलं. "आणि तुम्ही हो? तुम्हाला काय वाटत होतं इतकी वर्षं? मी केलं होतं, असं वाटत होतं ना?"

या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर होतं आणि ते तिला ऐकायचं होतं. ती वाट बघत होती. ऑपरेटरने तोंड उघडलं, पण तो शब्द काही केल्या बाहेर पडेना, आणि तो पडत नाही हे तिला दिसत होतं.