बारावीपर्यंतचा शब्द

शब्द तिच्याकडे कुणी मागितला नव्हता. नयन भोयरनं तो आपणहून दिला, तोही दारात उभ्या उभ्या, घाईघाईत. आता भोगते आहे.

सहा वर्षांपूर्वी नयन नुसती कोच होती. त्याआधी राज्याकडून फुटबॉल खेळलेली, बचाव सांभाळणारी. तिच्या बाजूनं चेंडू पुढं गेला तर माणूस मागं राहायचा आणि माणूस पुढं गेला तर चेंडू, असं वर्ध्याची जुनी मंडळी अजून सांगतात. गुडघ्यानं दगा दिल्यावर तिनं शिट्टी गळ्यात घातली आणि ती मुली शोधायला निघाली. मुली सापडायच्या, बाप ऐकायचे नाहीत. देवळीजवळच्या एका गावात चंद्रभान म्हणून भाजीपाला पिकवणारा माणूस होता. त्याची आचल शाळेच्या मैदानात पोरांच्या पायांतून चेंडू असा काढून न्यायची, की पोरं नुसती खाली बघत राहायची. नयन त्याच्या दारात तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो वैतागला.

"मॅडम, आज म्हनता खेळू द्या, उद्या म्हनसान पुन्याले धाडा. असं करता करता पोरगी हातची जाते."

"बारावीपर्यंत खेळू द्या, भाऊ," नयन म्हणाली. "बारावी झाली की मी एका शब्दानं तुमाले म्हणणार नाई. तुमची पोरगी, तुमची मर्जी."

चंद्रभान विचारात पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून आचल वर्ध्याच्या मैदानावर यायला लागली.

आचल तेव्हा सहावीत होती. बारावी कुठल्या कुठे! तोवर चंद्रभानचं मन बदलेल, गाव बदलेल, पोरगी इतकी मोठी खेळाडू होईल की बापच पेढे वाटत फिरेल, असा नयनचा होरा. गाव बदललं की नाही देव जाणे, बारावी मात्र वेळेवर आली.

बरं, शब्द एकाच दारात दिला असता तर निभावलं असतं. पण ते वाक्य असं काही चाललं, की बाईंनी ते केळझरला वापरलं, सिंदी मेघेत वापरलं, सेलूकडच्या वाड्यावस्त्यांवर वापरलं. आज मैदानावर पंधरा-वीस गावांच्या मुली धावतात, त्या सगळ्या त्याच एका वाक्यावर आलेल्या आहेत. आणि चंद्रभान त्या सगळ्या बापांचा म्होरक्या. देवळीच्या बाजारात कुणी विचारलं, की तो सांगायचा, "धाडा बिनधास्त. बाई शब्दाची पक्की हाय."

त्यानं स्वतः तर शब्द असा पाळला, की नयनला लाज वाटावी. पहाटे भाजीची पोती गाडीवर बांधून त्यावर पोरीला बसवून तो वर्ध्याला आणायचा. सख्ख्या भावानं बोलणं टाकलं, शेजारच्या शोभाबाईनं "पोरीले निकर घालून नाचवते" म्हणून सहा वर्षं टोमणे मारले, पण चंद्रभाननं एक दिवस आचलला घरी ठेवलं नाही. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा नाही. वाईट माणूस असता तर नयननं त्याला केव्हाच गुंडाळून ठेवला असता. चांगल्या माणसाचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मधल्या काळात ती सहसचिव झाली. जिल्हा संघटनेत एक तरी बाई हवी असा वरून आदेश आला, आणि अध्यक्ष अण्णाजींनी तिला खुर्ची दिली. अण्णाजींनी आयुष्यात चेंडूला पाय लावला असेल तर तो उद्घाटनालाच. पहिलं वर्षभर पाहुण्यांना गुच्छ देणं हेच सहसचिवांचं काम होतं. मग नयननं तोंड उघडलं, मुलींची लीग सुरू केली, मैदानाच्या वेळा मुलांकडून ओढून घेतल्या. आता लोक तिला कोच कमी आणि सचिवबाई जास्त म्हणतात.

तर अशात आचलची बारावी झाली, अठरा वर्षं पूर्ण झाली, आणि राज्याच्या संघाच्या शिबिराला तिला बोलावणं आलं. जिल्ह्यातली पहिली मुलगी. नयन कार्यालयात एकटीच होती, तिनं टेबलावर मूठ आपटली आणि मग हाताला लागलं म्हणून हसली.

तो आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी चंद्रभान मैदानावर आला. पांढरा सदरा, हातात वांग्यांची पिशवी, कपाळाला गंध.

"मॅडम, आचलचं साक्षगंध ठरलं. पोरगा हिंगनघाटचा, नोकरीवाला हाय. तुमाले सगळ्यांत आधी बोलावून राह्यलो. येजा नक्की."

"भाऊ, तिला शिबिराला बोलावलंय, पुण्याला. एकदा मैनाभर…"

"मॅडम," चंद्रभान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "म्या माह्या बाजूनं शब्द पाळला का नाई?"

"पाळला."

"मंग?"

त्यानं वांग्यांची पिशवी तिच्या हातात दिली आणि तो गेला.

संध्याकाळी ती अण्णाजींकडे गेली. तो माणूस आपल्याला मूर्खपणाचा सल्ला देईल आणि आपण चिडून उलट करू, अशी तिला खात्री होती. अण्णाजींनी चहा मागवला, तो प्यायले आणि शहाणपणाचं बोलले.

"मॅडम, तुम्ही नुसत्या कोच असत्या तं मीच म्हटलं असतं, जा आन् भांडा. एका पोरीसाठी भांडणं हे कोचचं कामच आहे. पण आता लीग तुमची आहे. चंद्रभानला दिलेला शब्द मोडला तं उद्या केळझरवाला म्हणंल, बाई फिरली. सेलूवाला म्हणंल, उचला पोरगी. आठ दिवसांत मैदानावर ढोरं चरतील. पाहा बाप्पा, विचार तुमीच करा."

नयनला संताप आला तो याचा, की तो बरोबर बोलत होता.

आचल दुसऱ्या दिवशी सरावाला आली. बूट बांधता बांधता मान वर न करता तिनं विचारलं, "मॅडम, तुमी बाबाशी बोलता नं? आईचं ते आयकत नाई. तुमचं आयकतात."

"आचल, मी त्यांना शब्द दिला होता."

"मालूम हाय. मले लहानपनापासून सांगतात बाबा." आचलनं नाडी ओढली. "पन शब्द माह्यावरून होता नं? मले काऊन नाई विचारलं?"

"तू बारा वर्षांची होतीस गं."

"आता तं अठराची हाय."

आचल उठली आणि नेहमीसारखी धावायला गेली. तिचं धावणं बघवेना, म्हणून नयन कार्यालयात जाऊन बसली. खिडकीतून ते तिथंही दिसत होतं.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी देवळीच्या बसमध्ये तिनं मनाशी पक्कं केलं. सगळ्यांसमोर सांगायचं, माझा शब्द मी मागं घेते. मी चुकले, मला तो द्यायचा अधिकारच नव्हता. आचलला विचारा. लीग मोडली तर मोडली. राजीनामा फेकू अण्णाजींच्या तोंडावर. बसमध्ये माणूस फार शूर असतो.

मांडवात तिला मुलाकडच्या बायकांच्या शेजारी, सोफ्यावर बसवलं. आचलची आई कुंताबाई धावत पाणी घेऊन आली. जिलेबी, आलूवांग्याची भाजी, मठ्ठा, सगळं तिला आधी. मुलाची आई भली होती. "आमच्याकडून काई बंधन नाई बरं का," ती कौतुकानं म्हणाली. "आमच्या कॉलनीत बॅडमिंटन हाय. सकाळी खेळंल ती." समोर आचल हिरव्या शालूत बसली होती, हातभर बांगड्या घातलेली. तिनं मान वर केली आणि नयनकडे बघितलं. त्या नजरेत अजून आशा होती, आणि तीच नयनला सोसवेना.

चंद्रभाननं तिला शाल पांघरली, नारळ दिला. "या मॅडम," तो पाहुण्यांना म्हणाला. "लय लोक म्हनत होते, हे बाई फसवते. पन बाई शब्दाले जागली. मॅडम, दोन शब्द बोला."

नयन उठली. वाक्य तोंडात तयार होतं. "भाऊ, मला…" तिनं सुरुवात केली.

तेवढ्यात बायकांतून शोभाबाई पुढं आली. तीच, सहा वर्षं टोमणे मारणारी. तिच्या हाताला धरून एक काटकुळी पोर होती, नवा फ्रॉक घातलेली.

"मॅडम, हे माही परी. सहावीत गेली. दिवसभर चेंडू लाथाळते, लय मारलं तरी आयकत नाई." शोभाबाई जरा ओशाळली. "मी लय वंगाळ बोलली होती तुमाले. पन म्या डोयानं पाह्यलं, तुमी दिला शब्द मोडत नाई. मलेबी तोच द्या. बारावीपर्यंत. मंग धाडतो हिले. नाई तं नाई."

सगळे नयनच्या तोंडाकडे बघू लागले. चंद्रभान तर असा फुलला होता, जणू शब्द त्यानंच दिलाय. बसमध्ये ठरवलेलं वाक्य आता उच्चारलं तर ही पोर आजच गेली. तिच्यामागून केळझरची जाईल, सेलूची जाईल. आणि नाही उच्चारलं तर समोरची जाईल, हिरव्या शालूतली. नयनला शाल काढावीशी वाटली, पण ती सन्मानाची होती.

आचलनं बांगड्यांचा हात हलवून परीला जवळ बोलावलं. पोर बिचकत गेली.

"कोन्त्या पायानं मारतं वं?"

परीनं डावा पाय किंचित पुढं केला.

आचलनं तो पाय बघितला. बराच वेळ बघितला. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण फक्त नयनला उद्देशून, ती म्हणाली, "डाव्या पायाची हाय, मॅडम. आपल्याकडे डावी एकबी नाई."

नयननं परीच्या डाव्या पायाकडे बघितलं.

"हो म्हना," आचल म्हणाली. तिच्या डोळ्यांतली आशा एव्हाना गेली होती. "सहा वर्सं तं भेटतीन तिले. थेबी कोन देते?"

शोभाबाई हात पुढं करून उभी होती. नयननं तिच्या हातावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "बारावीपर्यंत."